काम पूर्ण, हिशेब अपूर्ण

शनिवारची संध्याकाळ. कोथरूडमधील एका जुन्या इमारतीतल्या सदनिकेचे नूतनीकरण आठवड्यापूर्वी संपले आहे. फाटकापाशी गवंडी, त्याचे दोन बिगारी, फरशी बसवणारा कारागीर आणि रंगारी राहिलेल्या मजुरीची वाट पाहत उभे आहेत. वर दिवाणखान्यात घरमालक व कंत्राटदार समोरासमोर बसले आहेत. नव्या रंगाचा वास अजून गेलेला नाही. ‘बाथरूमची ओल थांबल्याशिवाय एक रुपयाही मिळणार नाही,’ असे घरमालक सांगतात. ‘साहेब, तुम्ही सांगितलेली जादा कामे मी पदरमोड करून केली, आधी त्यांचे बोला,’ असे कंत्राटदाराचे म्हणणे. अर्ध्या तासाने कंत्राटदार रिकाम्या हाताने जिना उतरतो आणि खाली उभ्या असलेल्या पाच जणांना काय सांगावे, हे त्याला कळत नाही.

प्रसंग कल्पित आहे. परंतु ज्यांनी घराचे काम करून घेतले वा करून दिले, त्यांना तो अपरिचित वाटणार नाही. बांधकाम, रंगकाम, सुतारकाम, अंतर्गत सजावट अशी लहान कंत्राटे घेणाऱ्यांचा व्यवसाय बहुधा कामाअभावी बुडत नाही. तो केलेल्या कामाचे पैसे न आल्याने बुडतो. सिमेंटवाल्याची उधारी आणि कामगारांची मजुरी ग्राहकाच्या सवडीसाठी थांबत नाही. आपल्याकडे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणतात. ते खरे मानले, तरी त्या पायरीच्या अलीकडे करण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्यातील बरेचसे काम सुरू होण्यापूर्वीच करायचे असते.

पैसे नेमके का अडतात?

थकबाकीची कारणे स्थूलमानाने तीन. पहिले, ग्राहकाला काम सदोष वाटते: फरशी पोकळ वाजते, भिंतीला ओल येते, कपाटाचे दार नीट लागत नाही. दुसरे, हिशेबच मान्य नसतो: मोजमाप किती धरायचे, कोणते काम मूळ दरात होते आणि कोणते जादा, यावर मतभेद असतो. तिसरे, काम पसंत असते, हिशेबही मान्य असतो. पण पैसे संपलेले असतात किंवा द्यायची इच्छा नसते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ हा प्रकार या तिसऱ्या गटातला.

या तिन्हींवर उपाय एकच नाही. पहिल्यावर दुरुस्ती, दुसऱ्यावर कागद आणि फेरमोजणी, तिसऱ्यावर नोटीस व कायदा. ज्या ग्राहकाची तक्रार खरी आहे त्याला वकिलाची नोटीस पाठवली, तर मिटणारा वाद चिघळतो; आणि ज्याला द्यायचेच नाही त्याच्याकडे दुरुस्तीसाठी सहा खेपा घातल्या, तर महिने वाया जातात. म्हणून आपल्यासमोरचा ग्राहक या तिघांपैकी कोण, हे आधी ओळखावे. त्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो: ‘नेमके काय केले म्हणजे आपण पैसे द्याल, ते लिहून द्याल का?’ तक्रार खरी असलेला माणूस यादी करून देतो. ज्याला चालढकल करायची आहे, तो यादी देत नाही. किंवा एक यादी पूर्ण झाली की दुसरी काढतो.

कागद काय करतो?

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार लेखीच असला पाहिजे असे नाही. तोंडी करारही वैध असतो. इतकेच नव्हे, तर करार सिद्ध झाला नाही तरी, फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी वैध रीतीने काम केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो, असे याच कायद्याचे कलम ७० सांगते. अडचण हक्काची नसते, पुराव्याची असते. काय ठरले होते, कोणत्या दराने आणि किती दिवसांत, हे दोन्ही पक्ष आपापल्या आठवणीप्रमाणे सांगू लागले, की खऱ्या माणसाचेही हाल होतात.

यासाठी मोठा करारनामा लागत नाही. योग्य मुद्रांकावरचा चार पानांचा कागद पुरतो. मात्र त्यात काही गोष्टी असाव्याच लागतात. कामाची खोलीवार यादी, वापरायच्या मालाचा प्रकार व दर्जा, दर चौरस फुटावर की रनिंग फुटावर, मोजमापाची पद्धत, माल कोणी आणायचा, वीज-पाणी कोणाचे, राडारोडा कोण उचलणार, सोसायटीची परवानगी व अनामत कोणाकडे, हे स्पष्ट असावे. मोजमापात दारे-खिडक्यांची वजावट करायची की नाही, यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या मुद्द्यावर हजारो रुपये अडतात. बांधकामाच्या मोजणीसाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. ‘मोजमाप त्यानुसार’ एवढी एक ओळ लिहिली तरी अनेक भांडणे टळतात.

मुदतीबाबतही हेच. काम चाळीस दिवसांत पूर्ण करण्याचे कबूल करताना त्या चाळीस दिवसांत ग्राहकाने काय करायचे आहे, हेही लिहावे. टाइल्सची निवड तीन आठवडे लांबली, सोसायटीने दुपारी हातोडा चालवण्यास मनाई केली, तर तो उशीर कंत्राटदाराचा नव्हे. परंतु हे शेवटी सांगून उपयोग नाही. ज्या दिवशी अडथळा आला त्याच दिवशी ‘आजपासून काम टाइल्सअभावी थांबले आहे’ असा संदेश गेला पाहिजे. त्या दिवशीच्या चार ओळी वर्षानंतरच्या चार पानी खुलाशापेक्षा अधिक मोलाच्या ठरतात.

करारावर सही कोणाची, हेही पाहावे. घर आईच्या नावावर, पैसे मुलाकडून, सूचना सूनबाईंच्या आणि सही कोणाचीच नाही, अशी अनेक कामे असतात. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे आहेत त्याची सही हवीच. कंत्राटदाराची भागीदारी संस्था असेल, तर ती नोंदणीकृत असावी; १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून निर्माण होणाऱ्या हक्कासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही. हे अनेकांना दावा दाखल करायला गेल्यावरच कळते.

हप्त्यांचे गणित

वसुलीचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे थकबाकी साचूच न देणे. मिळालेले पैसे झालेल्या कामाच्या फार मागे पडता कामा नयेत. आणि ग्राहकाच्याही दृष्टीने ते फार पुढे जाऊ नयेत. आठ लाख रुपयांच्या नूतनीकरणाचे उदाहरण घेऊ. सुरुवातीची उचल १५ टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. तोडफोड, नळकाम व विजेच्या नळ्या टाकून झाल्यावर २५ टक्के, २ लाख. वॉटरप्रूफिंग व फरशीकाम झाल्यावर पुन्हा २५ टक्के, २ लाख. सुतारकाम झाल्यावर २० टक्के, १ लाख ६० हजार. रंगकाम झाल्यावर १० टक्के, ८० हजार. उरलेले ५ टक्के, म्हणजे ४० हजार, दोषदुरुस्तीच्या ठरलेल्या कालावधीनंतर.

या रचनेत दोन गोष्टी साधतात. कोणत्याही क्षणी वाद झाला तरी दोघांपैकी कोणाचेही सर्वस्व अडकत नाही. शिवाय शेवटी राखून ठेवलेली रक्कम आधीच लहान असल्याने ती दुरुस्तीची हमी म्हणून काम करते. तिच्यासाठी भांडावे असे कोणालाच वाटत नाही. याउलट ‘निम्मे आधी, निम्मे नंतर’ अशा बोलीत हत्ती जातो आणि शेपूट नव्हे, अर्धा हत्तीच अडकतो.

हप्ता तारखेशी बांधू नये, कामाच्या टप्प्याशी बांधावा; आणि टप्पा असा असावा की तो पूर्ण झाला की नाही हे डोळ्यांनी दिसेल. ‘काम समाधानकारक झाल्यावर’ ही शब्दयोजना टाळावी. समाधान मोजता येत नाही. फरशी मोजता येते. प्रत्येक टप्प्यानंतर पुढचा हप्ता किती दिवसांत द्यायचा, न दिल्यास किती दिवसांच्या सूचनेनंतर काम थांबवता येईल आणि थकित रकमेवर व्याज किती, हे लिहिलेले असावे.

कराचाही विचार येथेच करावा. वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या कंत्राटदाराने बिल दिले, की ग्राहकाचे पैसे येवोत वा न येवोत, कर भरावाच लागतो. केवळ रक्कम बुडाली म्हणून भरलेला कर परत मिळण्याची सोय या कायद्यात नाही. म्हणजे बुडवणारा ग्राहक कंत्राटदाराला दुहेरी खड्ड्यात घालतो. टप्पे व बिले यांची सांगड करारातच घातली, तर हा धोका एका टप्प्यापुरता मर्यादित राहतो.

झाकले जाणारे काम आणि वाढत जाणारे काम

बहुतेक तंटे अशा कामांबाबत होतात, जी नंतर दिसत नाहीत. भिंतीतील नळ, फरशीखालचे वॉटरप्रूफिंग, गिलाव्याआडच्या विजेच्या नळ्या. झाकण्यापूर्वी ग्राहकाला बोलावून ती दाखवावीत आणि मोजपट्टी धरून छायाचित्रे घ्यावीत. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी बसवण्यापूर्वी निदान चोवीस तास पाणी कोंडून ठेवावे, खालच्या सदनिकेचे छत ग्राहकासोबत तपासावे आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. पुढे ओल आलीच, तर ती आपल्या कामातून आली की वरच्या मजल्याच्या जुन्या नळातून, हे ठरवायला ही एक सही पुरते.

दुसरा घोळ जादा कामांचा. ‘आता भिंत फोडलीच आहे तर तेवढा एक कोनाडा करून टाका’ हे वाक्य प्रत्येक कामात येते. कंत्राटदार संकोचाने पैशांचे बोलत नाही. ग्राहक समजतो की ते ठरलेल्या रकमेतच आहे. दोघेही अप्रामाणिक नसतात. दोघांनीही वेगवेगळे गृहीत धरलेले असते. येथे नियम एकच ठेवावा: जादा काम सुरू करण्यापूर्वी त्याचे वर्णन, रक्कम आणि त्यासाठी लागणारे वाढीव दिवस यांचा संदेश पाठवावा आणि ‘मान्य’ हे उत्तर आल्याशिवाय हात लावू नये. भ्रमणध्वनीवरील संदेश न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे केवळ पडद्याचे छायाचित्र ठेवून मूळ संदेश पुसून टाकू नयेत, आणि फोन बदलला तरी जुना जपून ठेवावा.

वादाचा तेवढाच तुकडा वेगळा काढा

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. करार आठ लाखांचा होता. जादा कामे ७० हजारांची. एकूण ८ लाख ७० हजारांपैकी ५ लाख ५० हजार मिळाले आहेत. म्हणजे कंत्राटदाराची मागणी ३ लाख २० हजारांची आहे. घरमालक म्हणतात, एक रुपयाही देणार नाही. वाद ३ लाख २० हजारांचा आहे, असे दोघांनाही वाटते.

तो तसा नाही. कागद घेऊन बसले की चित्र बदलते. जादा कामांपैकी ४५ हजारांची कामे आपण सांगितली होती, हे घरमालकांना मान्य आहे. २५ हजारांचे काम मूळ दरातच होते, असे ते म्हणतात. बाथरूमच्या ओलीची दुरुस्ती दुसऱ्या कारागिराकडून करून घेतली, तर ३५ हजार लागतील, असा अंदाज आहे. म्हणजे खरा वाद २५ आणि ३५ मिळून ६० हजारांचा. उरलेल्या २ लाख ६० हजारांबद्दल कोणाचेच काही म्हणणे नाही. ते केवळ त्या ६० हजारांसोबत ओलीस धरले गेले आहेत.

म्हणून पहिले पत्र धमकीचे नसावे, असे विभागणीचे असावे: ‘आपल्या तक्रारीचे मुद्दे हे, त्यांची रक्कम ही. ती तूर्त बाजूला ठेवू. ओल तपासण्यासाठी अमुक तारखेला माणूस येईल. वादातीत रक्कम सात दिवसांत द्यावी.’ यात कंत्राटदार आपला हक्क सोडत नाही. ग्राहकाचा मानही राहतो, कारण त्याच्या तक्रारीची किंमत मान्य झालेली असते. शिवाय न देणाऱ्याचे खरे रूप उघडे पडते. वादातीत रक्कमही जो देत नाही, त्याची अडचण ओलीची नाही. तांत्रिक मुद्द्यावर एकमत होत नसेल, तर दोघांनाही चालेल अशा स्थापत्य अभियंत्याला निम्मे-निम्मे शुल्क देऊन पाहणीसाठी बोलवावे. सर्वांत महत्त्वाचे, ठरले ते लिहून सही घ्यावी. ‘अंतिम रक्कम इतकी, अमुक तारखेपर्यंत देऊ’ हा सहीचा कागद पुढे न्यायालयात सर्वाधिक उपयोगी पडतो.

काम अर्धवट असतानाच पैसे थांबले तर? रागाने हत्यारे गुंडाळून निघून जाणे धोक्याचे आहे. करारात तरतूद नसताना काम सोडले, तर करारभंगाचा ठपका उलट कंत्राटदारावरच येऊ शकतो. आधी लेखी सूचना द्यावी आणि मुदत संपल्यावरच थांबावे. थांबताना उघड्या तारा, फुटका नळ असे धोके दूर करावेत, संयुक्त मोजमाप करावे आणि जागेची छायाचित्रे घ्यावीत. ग्राहक मोजमापाला आला नाही, तर त्याला बोलावल्याचा पुरावा ठेवावा.

येथे एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कार्यशाळेत तयार केलेले कपाट अजून पोचवलेले नसेल, तर १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार, उधारीचा वायदा केलेला नसल्यास, पैसे मिळेपर्यंत न चुकता केलेला विक्रेता माल आपल्या ताब्यात ठेवू शकतो. ग्राहकाचा सोफा पॉलिशसाठी आपल्याकडे आणला असेल, तर मजुरी मिळेपर्यंत तो धरून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे. परंतु एकदा वस्तू भिंतीला ठोकली, फरशी जमिनीला चिकटली, की असा ताबा संपला. म्हणून तयार फर्निचरचे पैसे ते बसवण्यापूर्वी घेण्याची रीत शहाणपणाची आहे.

कायद्याची दारे

विनंतीने काम झाले नाही, तर वकिलामार्फत नोटीस द्यावी. कराराची तारीख, कामाचे टप्पे, मिळालेली व थकलेली रक्कम, व्याज आणि मुदत यांचा तीत स्पष्ट उल्लेख असावा. ती पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी, सोबत ई-मेलही करावा. करारात व्याजाचा उल्लेख नसेल, तरी व्याजाची लेखी मागणी केल्याच्या तारखेपासून न्यायालय ते देऊ शकते, अशी तरतूद १९७८ च्या व्याज कायद्यात आहे. अनेक प्रकरणे या टप्प्यावरच मिटतात. न मिटल्यास पुढील मार्ग आहेत.

ग्राहकाने दिलेला धनादेश परत आला असेल, तर पराक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ हे प्रभावी साधन आहे. मात्र त्यातील मुदती काटेकोर आहेत. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. परंतु धनादेशामागे खरे देणे असावे लागते. न केलेल्या कामापोटी घेतलेला धनादेश वटवायला टाकणे अंगलट येते.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा दुसरे दार उघडतो. पैसे देण्याची मुदत कराराने ठरवली तरी ती ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रार राज्याच्या सुकरता परिषदेकडे करता येते. मात्र दोन सावधगिरीच्या सूचना. उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वीच केलेली असावी, नंतर केलेली नोंदणी वादाचा विषय ठरते. आणि मजुरी व माल एकत्र असलेल्या बांधकाम कंत्राटांना हा कायदा लागू होत नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयासह काही उच्च न्यायालयांनी व्यक्त केले आहे. म्हणून केवळ याच मार्गावर विसंबून राहू नये. वकिलाला आपला करार दाखवूनच निर्णय घ्यावा.

लहान रकमांसाठी लोकअदालत हा मार्ग अनेकांना ठाऊक नसतो. दावा दाखल करण्यापूर्वीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. दोन्ही पक्ष राजी असावे लागतात, ही तिची मर्यादा. करारात लवादाचे कलम असेल, तर वाद त्रयस्थ लवादाकडे जातो. मात्र आपणच एकतर्फी नेमलेला लवाद टिकत नाही, आणि लहान रकमेच्या वादात त्याचे शुल्क वसुलीलाच खाऊन टाकू शकते. दुकान, कार्यालय यांसारख्या कामातील व्यापारी स्वरूपाचा वाद तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर तातडीचा अंतरिम आदेश हवा असल्याखेरीज दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे.

शेवटचे दार दिवाणी दाव्याचे. लेखी करारावरून ठरलेली निश्चित रक्कम येणे असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. सबळ बचाव नसेल तर निकाल लवकर लागू शकतो. सहीचा करार आणि मान्य केलेले बिल यांचे मोल येथे कळते. तोंडी व्यवहाराला हा मार्ग उपलब्ध नाही.

या सर्वांवर एक घड्याळ चालू असते. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात बघू’ या तोंडी आश्वासनाने ही मुदत वाढत नाही; नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाने देणे सही करून लेखी मान्य केले, तर मात्र तीन वर्षे त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. म्हणून भिडेखातर थांबायचेच असेल, तर निदान थकबाकी मान्य असल्याची एक ओळ लिहून घ्यावी.

हे मात्र करू नये

बसवलेले नळ, दारे वा ग्रिल रात्रीतून काढून नेणे, चार धटिंगण घेऊन दारात बसणे, ग्राहकाच्या सोसायटीच्या गटावर त्याची बदनामी करणे, हे मार्ग क्षणभर समाधान देतात. परंतु ज्याचे पैसे येणे आहेत, त्यालाच ते आरोपी करतात. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याचाही मोह होतो. व्यवहाराच्या आरंभापासून फसवण्याचा हेतू होता, हे दिसल्याखेरीज केवळ पैसे न देणे हा फसवणुकीचा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

ग्राहकाच्या हातीही साधने आहेत, हे विसरू नये. सदोष कामाबद्दल तो राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. तेथून नोटीस आली, तर लेखी उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात; त्यापलीकडे मुदतवाढ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितले आहे. नोटीस खिशात ठेवून फिरणाऱ्या कंत्राटदाराची बाजू मग ऐकलीच जात नाही.

हे सारे कंत्राटदाराच्या बाजूने लिहिले असले, तरी घरमालकाच्याही हिताचे आहे. ज्याला वेळेवर पैसे मिळतात, तो कारागीर पुन्हा बोलावल्यावर येतो. ज्याचे पैसे बुडतात, तो पुढच्या ग्राहकाच्या दरात ते मिळवतो. घराचे काम हा विश्वासाचाच व्यवहार आहे आणि कागदाने तो विश्वास कमी होत नाही. दोघांच्या स्मरणशक्तीवर पडणारा ताण मात्र कमी होतो. आपल्या कल्पित प्रसंगातील कंत्राटदाराजवळ पाण्याच्या चाचणीवरची एक सही, जादा कामांचे चार संदेश आणि टप्प्यांचा कागद असता, तर त्या शनिवारी बोलणे ३ लाख २० हजारांवर अडले नसते. ६० हजारांचा प्रश्न पुढच्या आठवड्यावर गेला असता आणि फाटकापाशी उभी असलेली पाच माणसे मजुरी घेऊन घरी गेली असती.